बूट हातात घेऊन

शुक्रवार. हिद्दच्या गोदीत क्रेन झोपलेल्या.
बे साहेब म्हणाले, राजाचं घर बघू.
मी म्हणालो, इथे त्याला बैत म्हणतात,
म्हणजे नुसतं घर,
आणि आत आता कुणी राहत नाही.
हे तुमच्याकडेही तसंच असणार.

मुहर्रकच्या बोळात गाडी शिरत नाही.
सांबुशाच्या दुकानाशी उतरलो, पुढे चालत.
भिंती प्रवाळाच्या दगडाच्या.
नाक लावून पाहिलं तर आत शिंपले,
समुद्र चुन्यात अडकून राहिलेला.

दारात बे साहेबांनी बूट काढले.
कुणी सांगितलं नव्हतं.
राखणदार खलफ आधी हसला,
मग त्यानेही चपला सोडल्या.

दार सागवानी. खलफने आधी दाराकडे बोट केलं,
मग माझ्याकडे: हिंदी. हाही हिंदी.
मी दारावर हात ठेवला.
कुठल्या बंदरात चढलं, कुणाच्या खांद्यावरून,
ते त्याला माहीत नव्हतं, मलाही नाही.
एवढं खरं, की त्याला इथे
दर दोन वर्षांनी व्हिसा लागला नाही.

वर खारफुटीचे वासे, वाशांवर चटई.
बे साहेब मान मोडून बघत राहिले.
त्यांच्या राजवाड्यात म्हणे
छपराची टोकं नावेसारखी उचललेली,
वळचणीखाली हिरवा नि शेंदरी रंग, कमळं,
तुळया खोबणीत खोबण घालून बसवलेल्या,
आणि कण्यावर ओळीने मातीची माकडं,
भुतांनी घाबरावं म्हणून.
घाबरली का?
भुतं, हो, म्हणाले. बाकीचे आले.

मग आम्ही बदगीरखाली उभे राहिलो.
वीस वर्षं मी एसीचं काम करतो.
डक्ट, कॉइल, गॅस, रात्री दोनला फोन.
आणि इथे हे चौकोनी धुराडं, उलट्या कामाचं,
आभाळातला वारा खाली ओढणारं.
पिशवीतून मी वारा मोजायचा पंखा काढला
(सुट्टीलाही तो असतोच,
कुणाच्या खिशात जपमाळ असावी तसा).
दोन पूर्णांक एक.
परत धरला. दोन पूर्णांक एक.
कंप्रेसर नाही. बिल नाही. तक्रार नाही.
मला जरा राग आला, कुणाचा ते कळलं नाही.

आमच्याकडे उलट, बे साहेब म्हणाले.
फरशीखालून धुराची वाट.
राजा उबेवर झोपायचा,
लाकडं सारणारा बाहेर, बर्फात.
शाळेच्या सहलीत मी त्या फरशीला गाल लावला होता.
गार. जाळ घालणारं कुणी उरलं नव्हतं ना.
वाऱ्याला माणूस लागत नाही.
तुमचं हे बरं आहे.

तुमचं, म्हणाले. मी दुरुस्त केलं नाही.

खलफने माझी पिशवी ओळखली असावी.
बाजूला घेऊन हळूच म्हणाला,
केबिनमधला एसी पाणी गाळतो, दोन महिने झाले,
अर्ज केलाय.
राजाच्या भिंतीला टेकून पत्र्याची खोली,
एक खुर्ची, एक कॅलेंडर, खाली बादली.
स्टुलावर चढलो. फिल्टर काढला,
धुळीचं घोंगडंच निघालं हातात.

ते घेऊन नळाशी, अंगणात.
बे साहेब माझ्यामागे, उघड्या तळव्यावर
चार स्क्रू, अक्षता धराव्यात तसे.
दुसऱ्या हातात अजून बूट.
एप्रिलचं ऊन बारा वाजेपर्यंत प्यालेली फरशी,
आणि ते अनवाणी, मधोमध, हलत नव्हते.

साहेब, भाजतंय.
ऐकलं नाही बहुतेक. मग म्हणाले,
असं. असंच असणार ते.

खलफ कहव्याचे तीन पेले घेऊन येत होता.
मी नळ सोडला.